होडीवर फिशफाइंडर बसवताना: भोक पाडण्याआधी फेस कुठे उठतो ते पाहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पुण्यात राहता आणि होडी भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात ठेवता. चौदा फुटी फायबरची होडी, मागे ९.९ अश्वशक्तीचं दोरी ओढून चालू होणारं ओबीएम, म्हणजे बाहेर मागच्या फळीवर टांगलेलं इंजिन. पाच इंची पडद्याचा फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ आवाजाच्या साहाय्याने पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेतलाय. सोबत आलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत ऐकणारा भाग, साधं सोनारही करतो आणि डाउन इमेजिंगही, म्हणजे खालचं फोटोसारखं चित्र. नव्या होडीला भोक पाडायला मन धजत नाही, म्हणून तो आतून तळाला चिकटवला तर चालेल का, असं तुम्ही विचारता. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: मित्राच्या होडीवर असंच यंत्र आहे, होडी उभी असताना चित्र सुरेख दिसतं, पण वेग घेतला की पडदा ठिपक्यांनी भरतो किंवा तळाची रेघच गायब होते. आपलं तसं होऊ नये.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. भोकाचं कोडं सोपं आहे, ते पुढे सोडवू. मित्राच्या होडीवर जे होतंय ते नव्वद टक्के हवेमुळे होतंय, आणि हवेचं गणित एकदा कळलं की आत चिकटवायचं की बाहेर, उजवीकडे की डावीकडे, किती खाली, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

मी ही कामं ससून डॉकला ट्रॉलरवर शिकलो. आता बरीच वर्षं धायरीत राहून मुळशी, पानशेत, उजनी अशा गोड्या पाण्यातल्या होड्यांवर यंत्रं बसवतो. समुद्रातल्या मोठ्या लाकडी बोटीवर जे चालतं ते चौदा फुटी होडीवर तसंच्या तसं चालत नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या होडीचा तळ मी पाहिलेला नाही. त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच पाण्यावर तपासाव्या लागतील. त्या कशा तपासायच्या तेच मुख्यतः लिहितोय.

ट्रान्सड्यूसरच्या आत एक चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते, ती थरथर आवाज होऊन पाण्यात उतरते, तळावर किंवा माशावर आपटून परत येते आणि तीच चकती तिची पुन्हा वीज करते. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो. दहा मीटर खोल तळापर्यंत जाऊन यायला त्याला साडेतेरा मिलिसेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजतं आणि त्याची खोली करून दाखवतं. पाण्यातून फायबरमध्ये, फायबरमधून पुन्हा पाण्यात हा आवाज थोडाफार झिजत का होईना, जातो. हवा लागली की मात्र जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. कागदाइतका पातळ हवेचा थर मध्ये आला तरी पलीकडे काही पोचत नाही.

गंमत अशी की मासा दिसतो तोही याच नियमामुळे. माशाचं मांस आवाजाच्या दृष्टीने पाण्यासारखंच असतं, ते फार थोडा आवाज परतवतं. माशाच्या पोटात जो हवेचा फुगा असतो, पुस्तकात ज्याला वाताशय म्हणतात आणि कोकणात घोळीच्या पोटातून काढून मोठ्या किमतीला विकतात ते भोत, त्याच्यावरून आवाज सणसणीत परततो. जपानच्या फुरुनोने १९४८ साली मासे शोधणारं पहिलं व्यवहारात चालणारं यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून पडदे आणि बटणं पार बदलली, हे मात्र तसंच आहे. माशाच्या पोटातली हवा आपल्याला हवी आहे आणि ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोरची नको आहे.

आता आतून चिकटवण्याबद्दल. हे चुकीचं नाही, मी स्वतः केलेलं आहे. पण त्याला अटी आहेत. जिथे चिकटवायचं तिथे तळ एकसंध फायबरचा हवा. दोन थरांमध्ये प्लायवूड, बाल्सा किंवा फोम असेल तर त्यात हवा असते आणि तिथे विषय संपतो. छोट्या होड्यांमध्ये बुडू नये म्हणून तळात फोम भरलेला असणं अगदी नेहमीचं आहे. ज्यांनी होडी बांधली त्यांना विचारा, ते खरं सांगतात. दुसरी अट चिकटवताना एकही बुडबुडा राहू नये ही. आणि सगळं जमलं तरी आवाज तळातून दोनदा जातो, जाताना आणि येताना, म्हणजे झीज दुप्पट. पाण्याचं तापमान मिळत नाही, तळाचं मिळतं.

तुमच्या बाबतीत मी नको म्हणतो त्याचं कारण वेगळंच आहे. तुमच्या यंत्राचं डाउन इमेजिंग ४५५ आणि ८०० किलोहर्ट्‌झच्या आसपास चालतं. इतका बारीक आवाज फायबरमधून धडपणे पार होत नाही. २०० किलोहर्ट्‌झचं साधं सोनार कदाचित मिळेल. पण बुडालेली बाभळीची खोडं, जुन्या बांधांचे दगड फोटोसारखे दाखवणारं जे चित्र आहे, ज्यासाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेत, ते तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करणार. तरीही आत बसवायचंच असेल तर चिकटवण्याआधी एक करा. ट्रान्सड्यूसर बाजूने बाहेर पाण्यात धरून चित्र पाहा. मग त्याच जागी होडीच्या आत, पाणी भरून गाठ मारलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवा, पिशवीखालचा तळही ओला करा आणि पुन्हा पाहा. दोन चित्रांतला फरक तुम्हाला चालतो का ते तुम्हीच ठरवा.

तर ट्रान्सड्यूसर बाहेर, मागच्या फळीवर. कुठे, हा खरा कौशल्याचा भाग.

होडी किनाऱ्यावर ओढून पालथी करता आली तर उत्तम, नाहीतर खाली वाकून तळावरून हात फिरवा. तळाला ज्या उभ्या धारा असतात, पट्ट्या असतात, पाणी काढायच्या बुचाचं भोक असतं, कुठे खरचटलेलं किंवा दुरुस्तीचा उंचवटा असतो, त्या प्रत्येकाच्या मागे होडी चालताना फेसाची एक रेघ तयार होते आणि ती सरळ मागच्या फळीपर्यंत येते. ट्रान्सड्यूसर अशा दोन रेघांच्या मधल्या स्वच्छ पट्ट्यात हवा. ओबीएमच्या पंख्यापासून तो निदान ३८ सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे जवळजवळ एक हात. बाजू शक्यतो उजवी. बहुतेक एकट्या ओबीएमचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. उजव्या बाजूला त्याची पाती खाली उतरतात, डावीकडे वर चढतात आणि चढताना फेस उसळवतात. तुमचा पंखा उलटा फिरत असेल तर बाजूही उलटी धरा. फार कडेलाही नेऊ नका, वळताना ती कड पाण्याबाहेर येते.

खोलीचं माप गार्मिन कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट दिलेलं आहे आणि माझा अनुभवही तोच आहे: फायबरच्या होडीला ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाच्या रेषेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली, अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला १० मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियमला जास्त, कारण रिव्हेटांमुळे तळाशी फेसाचा थर जाड असतो. तोंड पाण्याच्या पातळीला समांतर हवं. तुमचा तळ व्हीसारखा उतरता असेल तर तळाच्या उताराला समांतर लावू नका, आवाज तिरका जाईल. आणि ही समांतरता होडीत माणसं बसलेली असताना बघा. रिकामी होडी आणि मागे दोन माणसं, पेट्रोलचा डबा, मासळीचा खोका असलेली होडी यांच्या बसण्यात चौदा फुटांत बराच फरक पडतो.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यानंतर माझी पद्धत बदलली. मुळशीला एका अ‍ॅल्युमिनियमच्या होडीवर मी किनाऱ्यावरच माप घेतलं, भोकं पाडली, स्क्रू बसवले, सगळं देखणं झालं. पाण्यात उतरल्यावर थोडा वेग घेताच चित्र तुटायला लागलं. तासभर सेटिंग बदलत राहिलो. शेवटी होडीमालकाला चालवायला दिलं, मागे पालथा पडून पाणी पाहिलं, तर तळाच्या एका रिव्हेटांच्या ओळीतून निघालेली पांढरी रेघ बरोबर माझ्या ट्रान्सड्यूसरवरून जात होती. ती चूक पूर्णपणे माझी होती. चार इंच सरकवल्यावर सगळं ठीक झालं, पण दुसऱ्याच्या होडीला मी दोन फुकटची भोकं पाडली होती. ती बुजवली, तरी मनातून गेली नाहीत. त्यानंतर पाण्यावर चाचणी घेतल्याशिवाय मी ड्रिल पिशवीतून बाहेर काढत नाही.

चाचणी अशी. एक फळकुट घ्या, त्याच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर तात्पुरता लावा आणि ते मागच्या फळीला दोन सी-क्लॅम्पनी आवळा. क्लॅम्प बोहरी आळीत कुठेही मिळतील. केबल टेपने चिकटवा. ती कापू नका आणि छोटीही करू नका, जास्तीची असेल तर मोठं सैल वेटोळं करून ठेवा. मग होडी तुमच्या नेहमीच्या ओझ्यासह पाण्यात उतरवा.

त्याआधी विजेचं बघू, कारण दोरीच्या ओबीएमवर बॅटरी नसतेच, ती तुम्हाला आणावी लागेल. याचं वाईट वाटून घेऊ नका. यंत्राला स्वतंत्र बॅटरी असणं चांगलंच. स्टार्टरच्या बॅटरीवर जोडलेलं यंत्र इंजिन सुरू करताना व्होल्टेज पडलं की बंद होऊन पुन्हा सुरू होतं, ती कटकट तुम्हाला नाही. घरच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी पुरते. पाच इंची यंत्र साधारण अर्धा ते एक अ‍ॅम्पिअर घेतं. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही असं धरलं तर साडेतीन ते सात तास मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर वजन कमी आणि वेळ जास्त, पण यंत्राला किती व्होल्टपर्यंत चालतं ते पुस्तिकेत बघून घ्या. लाल वायरवर फ्यूज हवाच, पुस्तिकेत लिहिलेल्या अ‍ॅम्पिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज यंत्राचा जीव वाचवतो त्याहून जास्त वायरचा वाचवतो, आणि होडीत पायाशी पेट्रोलचा डबा आहे हे विसरू नका. फ्यूज होल्डर, लग, हीट श्रिंक हे सगळं तपकीर गल्लीत मिळतं. नुसत्या पिळलेल्या वायरीवर काळी टेप गुंडाळून भागवू नका, दमट हवेत चार महिन्यांत जोड हिरवा पडतो.

चाचणीला दोघं जा. एकाने पडदा पाहायचा, एकाने होडी चालवायची, आणि दोघांनी लाइफ जॅकेट घालायची, नुसती सोबत ठेवायची नाहीत. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला येणारी होडी याच उजनीत वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. नवं यंत्र बसवलं की पहिल्या दिवशी दोघांच्याही माना पडद्यात जातात, हे मी वारंवार पाहिलंय. आकाश कोणी बघत नाही.

पाण्यावर आधी इंजिन बंद ठेवून चित्र पाहा. मग इंजिन सुरू करा, गिअर न टाकता न्यूट्रलमध्येच थ्रॉटल वाढवा. होडी जागेवर आहे, म्हणजे फेस नाही. तरीही पडद्यावर ठिपके, उभ्या रेघा आल्या तर दोष विजेचा आहे: ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या वायरींना चिकटून गेली असेल किंवा जोड सैल असेल. न्यूट्रलमध्ये चित्र स्वच्छ आणि गिअर टाकून वेग घेतला की तुटतं, तर तो फेस. मित्राच्या होडीवर ही एक परीक्षा केलीत तर त्यांचा आजार दहा मिनिटांत कळेल, आणि तुमच्या वर्णनावरून तो फेसाचाच निघेल असं मला वाटतं.

फेस असेल तर ट्रान्सड्यूसर ३ मिलिमीटरने खाली करा, पुन्हा फेरी मारा, पुन्हा ३ मिलिमीटर. मागे पाण्याचं कारंजं उडायला लागलं तर फार खाली गेलाय. खालीवर करून जमलं नाही तर आडवं सरकवा. दोनतीन जागा बघाव्या लागतात. जी जागा तुमच्या रोजच्या वेगाला चित्र देते तिच्यावर मार्करने खूण करा. पूर्ण थ्रॉटलला चित्र मिळालंच पाहिजे असा हट्ट या आकाराच्या होडीवर धरू नका. मासे शोधताना तुम्ही हळूच चालणार आहात.

चित्र वाचण्याबद्दल थोडक्यात, कारण बसवणं बरोबर झालंय की नाही हे चित्रावरूनच कळतं. पहिल्या दिवशी माशांची चिन्हं दाखवणारी सोय बंद ठेवा. यंत्र बुडबुड्याला, फांदीला, पिशवीला मासा ठरवतं आणि तुम्ही शिकत नाही. आवाज पाण्यात शंकूसारखा पसरत जातो, म्हणून खरा मासा कमानीसारखा दिसतो: शंकूच्या कडेला असताना लांब, मधोमध आला की जवळ, पुन्हा लांब. शंकूचं माप लक्षात ठेवा. २०० किलोहर्ट्‌झला कोन साधारण २० अंशांचा धरला तर चार मीटर पाण्यात तळावर जेमतेम १.४ मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं, घरातल्या टीपॉयपेक्षा थोडं मोठं. दहा मीटरला साडेतीन मीटर. भिगवणच्या बाजूला पाणी उथळ आहे. तिथे कटला वरच्या थरात फिरतो आणि होडीच्या आवाजाने बाजूला होतो. तेव्हा पडदा रिकामा म्हणजे पाणी रिकामं असं समजू नका. उथळात मी या यंत्राचा उपयोग मुख्यतः तळ वाचायला करतो. गाळ असेल तर रेघ फिकट आणि पुसट, खडक किंवा जुनी वाट असेल तर रेघ जाड, ठळक, आणि कधी दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी सावली. मृगळ तळाशी चरतो, त्याच्यासाठी ही माहिती माशाच्या चिन्हापेक्षा मोलाची. पाण्याचा प्रकार गोडं पाणी असा निवडा, आणि ट्रान्सड्यूसर पृष्ठभागापासून जितका खाली आहे तितकं अंतर खोलीत मिळवायला सांगा. उन्हाळ्यात उजनीचा साठा मायनसमध्ये गेला, एरवी पाण्याखाली असलेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडायला लागलं की वीतभर खोलीचा हिशेबही महत्त्वाचा ठरतो.

आता भोक, ज्याची तुम्हाला धास्ती आहे. ट्रान्सड्यूसर थेट फळीवर लावू नका. पांढऱ्या चॉपिंग बोर्डाचं जे जाड प्लास्टिक असतं, एचडीपीई, त्याची १२ मिलिमीटर जाडीची लांब पट्टी कापून घ्या. पट्टी फळीवर लावा आणि ट्रान्सड्यूसर पट्टीवर. पट्टी पुरेशी लांब ठेवलीत तर तिचे स्क्रू भरलेल्या होडीच्या पाण्याच्या रेषेच्याही वर बसतात, खालचा भाग नुसता लोंबत राहतो. तुमच्या वेगाला हे पुरतं. म्हणजे पाण्याखाली एकही भोक नाही, आणि पुढे ट्रान्सड्यूसर बदलला किंवा सरकवला तर नवी भोकं पट्टीला पडतील, होडीला नाहीत. एचडीपीईला गोंद धरत नाही, त्यामुळे चिकटवून भागवायचा विचार सोडा. ट्रान्सड्यूसरचा ब्रॅकेट ठोकर लागली की वर उचलला जाणारा घ्या. जलपर्णी आणि लोकांची जाळी या दोन्हींत अडकून ताठ ब्रॅकेट मोडतो, आणि जाळं फाटलं तर नुकसान एखाद्या मच्छीमाराचं होतं.

पाण्याच्या वर असली तरी ती भोकं हलक्यात घेऊ नका. फायबरच्या मागच्या फळीत आत बहुधा प्लायवूड असतं. एका सैल स्क्रूतून पावसाळाभर पाणी मुरलं की ते आतून कुजतं, आणि त्याच फळीवर तुमचं ओबीएम लटकलेलं आहे. ड्रिलच्या बिटला हव्या त्या खोलीवर टेपचं वेढं मारा म्हणजे जास्त आत जाणार नाही. वरचा चकचकीत थर तडकू नये म्हणून भोकाच्या जागी टेप लावा आणि सुरुवात अगदी हळू करा. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. सीलंट पॉलीयुरेथेनचं, सिकाफ्लेक्स २९१ सारखं. बाथरूमचं सिलिकॉन अजिबात नको, ते सुटतं आणि मागे असा थर ठेवतं की पुढे दुसरं काही धरत नाही. भोकात भरा, स्क्रूच्या आट्यांवर लावा, पट्टीच्या मागे लावा, आवळल्यावर सगळीकडून थोडं बाहेर आलं पाहिजे.

हे सीलंट हवेतल्या ओलाव्यावर हळूहळू घट्ट होतं. शनिवारी स्क्रू बसवून रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याला लागायचा बेत असेल तर तो पुढच्या रविवारवर ढकला.